माझी ओतीव मूठ

माणसाने अग्नी पेटवला, धातू वितळवला आणि त्याला आपल्या मनातला आकार दिला, त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने माणूस झाला. हे वाक्य मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून, एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात लेकीचा हेअर ड्रायर धरून उच्चारलं. त्यावर आमची ही म्हणाली, "आधी माझं पातेलं खाली ठेवा, मग काय ते माणूस व्हा."

पातेलं खाली ठेवणं शक्य नव्हतं. ते एव्हाना वितळलं होतं.

गच्चीपर्यंत मी कसा पोचलो ते सांगितलं पाहिजे, नाहीतर लोकांना वाटेल की निवृत्तीनंतर माझं डोकं फिरलं. तसं वाटणारे आमच्या इमारतीत पुष्कळ आहेत, त्यांत भर नको.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात सत्तरी गाठणाऱ्या प्रत्येकाचा सत्कार होतो. त्यासाठी सत्तरी गाठण्यापलीकडे काही करावं लागत नाही, आणि मंडळातल्या बहुतेकांनी तसं काही केलेलंही नाही. पूर्वी मंडळ सत्कारमूर्तीला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं. सगळ्यांना एकाच दुकानातलं, एकाच आकाराचं. ती सगळी वर्षाच्या आत बंद पडली, आणि मंडळाची बैठक कुणाच्याही घरी भरली तरी किती वाजले हे कळेनासं झालं. शेवटी ठराव झाला, की सत्कारमूर्तीने आपल्या पसंतीचं सन्मानचिन्ह स्वतःच आणावं, दारात चिटणिसांकडे सोपवावं, आणि मंडळाने ते त्याला व्यासपीठावर प्रदान करावं. ते पाहून सत्कारमूर्तीने भारावून जावं, असंही ठरावात नमूद होतं.

या ठरावानंतर लोकांनी आपली पायरी दाखवली. एकाने घरातला टेबललॅम्प आणला. तो कार्यक्रमात पेटवूनही दाखवण्यात आला. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मुलाला पोहण्यात मिळालेला कप आणला. त्यावर पोहणाऱ्या माणसाचं चित्र होतं, त्यामुळे वक्त्यांना मुख्याध्यापकांच्या ज्ञानसागराबद्दल बरंच बोलता आलं. आणखी एकाने मिक्सर आणला आणि व्यासपीठावरच गॅरंटी कार्डावर तारीख घालून घेतली.

मी तसला माणूस नव्हे. मी नोंदणी कार्यालयात शिक्का विभागाचा प्रमुख होतो. ज्यावर माझा शिक्का नाही ते घर घर नव्हतं, जमीन जमीन नव्हती. नवराबायकोंनाही मी शिक्का मारेपर्यंत एकमेकांबद्दल खात्री नसायची. पण एक गोष्ट मी कधी कुणाला बोलून दाखवली नाही. एवढ्या शिक्क्यांत माझं नाव कुठेच नव्हतं. शिक्क्यावर फक्त हुद्दा होता. मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या जागी आलेल्या माणसाने तोच शिक्का, तेच पॅड घेतलं आणि काम सुरू केलं. एका दिवसाचाही खंड पडला नाही. लोकांना वाटतं कारभार असाच चालावा. मला वाटतं, निदान दुपारपर्यंत तरी अडखळायला हवा होता.

म्हणून मी ठरवलं, की आयुष्यात एकदा माझं नाव धातूत उमटलं पाहिजे. शिक्का धरलेली भक्कम मूठ, खाली चौथरा, चौथऱ्यावर माझं नाव. उद्या कुणी येऊन उचलून आपलं म्हणून वापरू शकणार नाही, असं काहीतरी.

आमची लेक इंजिनियर आहे. तिच्या खोलीत एक थ्रीडी प्रिंटर आहे. केकवर क्रीमने नाव लिहितात तसं ते यंत्र प्लॅस्टिकच्या गरम दोऱ्याने थरावर थर देत वस्तू बनवतं. आजवर त्याने आमच्या घरी मोबाईल ठेवायचे स्टँड बनवले होते, मोबाईल नसतील इतके. लेकीने माझ्या हातात भाजी ढवळायचा लाकडी डाव दिला, मूठ आवळायला लावली आणि चारी बाजूंनी फोटो काढले.

"बाबा, जरा सैल धरा. शिक्का मारताय की कुणाचा गळा धरलाय?"

"शिक्का असाच धरतात," मी म्हणालो.

मग तिने पुढची रीत समजावली. प्लॅस्टिकची मूठ प्लास्टरमध्ये गाडायची. प्लास्टर वाळलं की भट्टीत तापवायचं. आतलं प्लॅस्टिक वितळून जळून जातं आणि प्लास्टरच्या पोटात मुठीच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात वितळलेलं ॲल्युमिनियम ओतायचं, थंड झालं की प्लास्टर फोडायचं.

"म्हणजे मूठ करायची, मग ती जाळायची, आणि मग पुन्हा तीच मूठ करायची?" हिने विचारलं. "पहिलीच का ठेवत नाही?"

"ती प्लॅस्टिकची आहे."

"मग चंदेरी रंग द्या. बाहेरच्या माणसाला काय कळतंय?"

कलेच्या इतिहासात बायकांनी अशी वाक्यं बोलून किती शिल्पं अर्ध्यावर बंद पाडली असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही. मी हिला सांगितलं, की हे साधंसुधं प्लॅस्टिक नाही, ते मक्याच्या पिठापासून बनवतात.

"बरं झालं," ती म्हणाली, "म्हणजे वितळलं नाही तर खाता येईल."

आता चौथऱ्यावरच्या नावाचा मुद्दा आला, आणि इथूनच खरं शहाण्यांचं राज्य सुरू झालं. लेकीने संगणकावर चित्र दाखवलं. चौथऱ्यावर माझं नाव ठळक, सुरेख अक्षरांत होतं. मी चष्मा लावला आणि हसलो. पोरीच्या शिक्षणावर इतकी वर्षं घालवली, पण पाया कच्चाच राहिला.

"अक्षरं उलटी कर," मी म्हणालो.

"का?"

"अगं, शिक्क्यावर अक्षर उलटं असतं म्हणून कागदावर सुलट उमटतं. अख्खी नोकरी मी हेच केलं."

"बाबा, शिक्का एकदाच उलटतो. इथे दोनदा उलटतं. मुठीचं प्लास्टरमध्ये उलटं होतं, आणि प्लास्टरमधून धातूत पुन्हा सुलट येतं. जसं आत घालाल तसंच बाहेर येणार."

"जसं आत घालावं तसं बाहेर येत असतं तर कार्यालयं कशाला लागली असती?"

तिने संगणक बंद केला. मी ते पटल्याचं लक्षण मानलं.

तरीही मी लोकशाहीवादी माणूस आहे. संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर हा प्रश्न मांडला. बाकावर आमचे दोन तज्ज्ञ कायम असतात. एक म्हणजे ऑडिटर. ते पहिल्या मजल्यावर राहतात, निवृत्त झाले आहेत, पण त्यांच्या चेहऱ्याला कुणी ते कळवलेलं नाही. समोरच्याचं काहीतरी चुकलंय आणि ते आपल्याला आधीच सापडलंय, अशा नजरेने ते फुलपाखराकडेही पाहतात. दुसरे भट्टीसाहेब. हे एका मोठ्या ओतकाम कारखान्यात होते, त्यामुळे धातूविषयी त्यांचा शब्द अखेरचा मानला जातो. ते तिथे हजेरी विभागात होते, आणि हजेरी विभाग कारखान्यापासून वेगळ्या इमारतीत होता, ही बाब आम्ही सहसा काढत नाही.

"उलटंच!" भट्टीसाहेब म्हणाले. "ओतकामात सगळं उलटंच असतं. आमच्याकडे बाहेर येणारे कामगारसुद्धा उलटे वाटायचे."

बाकावर बसलेल्यांत नोंदणी, टपाल, जकात असे सगळे शिक्क्यात आयुष्य गेलेले लोक. सगळ्यांनी हात वर केले. अक्षरं उलटी. एकट्या ऑडिटरांनी मत दिलं सुलट.

"कारण?" मी विचारलं.

"कारण तुम्ही उलट म्हणताय," ते म्हणाले.

अशा द्वेषमूलक मताला लोकशाहीत काय किंमत असते ते सर्वांना माहीत आहे. ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. लेकीने अक्षरं उलटी केली, आणि करताना ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं ती नजर तिने तिच्या आईकडून घेतली आहे.

पुढचा अडथळा परवानगीचा. सोसायटीचं म्हणणं, गच्चीवर भट्टी पेटवायची तर अग्निशमन कार्यालयाचा कागद आणा. मी गेलो. मला वाटलं होतं, निवृत्त शिक्काप्रमुख म्हटल्यावर खुर्ची देतील. तिथल्या माणसाने मला खिडकीबाहेरच उभं ठेवलं आणि विचारलं, "स्वयंपाक की उद्योग?"

"म्हणजे?"

"घरगुती स्वयंपाक असेल तर परवानगी लागत नाही, तसा कागद देतो. उद्योग असेल तर शेड लागते, पाण्याची टाकी लागते, वाळूच्या बादल्या लागतात आणि तपासणीला माणूस येतो."

"कधी येतो?"

"तो आता रजेवर आहे."

"मी मूठ ओतणार आहे," मी म्हणालो.

"खाणार का ती?"

"नाही."

"मग स्वयंपाक नाही."

"पण उद्योगही नाही. एकच मूठ आहे, आणि ती माझीच आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला समोर वेडा आहे हे कळलं की जो शांत, जवळजवळ प्रेमळ भाव चेहऱ्यावर येतो, तो मी आयुष्यभर इतरांना दिला होता. स्वतःला मिळाला तेव्हा फार लागला. अखेर मीच बुद्धी चालवली.

"भट्टीत जे जाळायचं आहे," मी म्हणालो, "ते मक्याचं आहे."

"मक्याचं?" त्याचा चेहरा उजळला. "मग असं सांगा ना! मका म्हणजे स्वयंपाक." आणि त्याने कागद दिला. शिक्का तिरका मारला, आणि पॅड कोरडं असल्यामुळे अर्धाच उमटला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

लेकीने पत्र्याच्या बादलीला आतून जाड लेप देऊन भट्टी केली. खाली कोळसा, बाजूच्या भोकातून हेअर ड्रायरचा वारा. वर मूस, म्हणजे धातू वितळवायचं जाड भांडं. धातू मात्र आमचा आम्हाला आणायचा होता. मी इमारतीत आवाहन केलं, आणि लोकांनी शीतपेयांचे रिकामे डबे पिशव्या भरभरून आणून दिले. एरवी वर्गणी म्हटली की दार न उघडणारे लोक कचरा म्हटला की किती उदार होतात, हे पाहून मन भरून येतं. डब्यांचा ढीग मुशीत गेला आणि तळाशी चमचाभर धातू उरला. बाकी सगळी राख आणि मळ. मग मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं आणलं. त्याचा तळ उचललेला होता, हिला ते आवडत नव्हतं, असं माझं प्रामाणिक मत होतं. ते चुकीचं होतं, हे मला त्या दिवसापासून आजपर्यंत रोज सांगण्यात येतं.

प्लास्टर तापू लागलं तसा मक्याचा गोडसर वास जिन्याने खाली उतरला. दोन मजल्यांवरून बायका विचारायला आल्या, "काय हो, काय शिजवताय?" हिने सांगितलं, "हात." त्यानंतर कुणी आलं नाही.

मी ओतलं. प्लास्टर फोडलं. साच्यात नावाचा चौथरा ओतायच्या तोंडाशी होता आणि मूठ उलटी, म्हणजे मनगट खाली. त्यामुळे धातू आधी मनगटात गेला, मग मुठीत शिरला आणि बोटांच्या पेरांशी संपला. शिक्का नाही, चौथरा नाही, नाव तर नाहीच. हातात आला एक गोलसर, सुरकुतलेला, फुगीर गोळा.

ऑडिटर कपडे वाळत घालायला गच्चीवर आले होते. त्यांनी तो गोळा उचलून उजेडात फिरवला. "फ्लॉवर छान आलाय," ते म्हणाले. "देठ जरा जून आहे."

सत्काराची तारीख जवळ येत होती. भर म्हणजे चिटणिसांनी येऊन सांगितलं, की माझा परिचय करून देणारं भाषण ऑडिटर करणार आहेत.

"त्यांनीच का?"

"त्यांनी स्वतःहून मागून घेतलं," चिटणीस म्हणाले. "फार आपुलकी आहे हो त्यांना तुमच्याबद्दल."

आता फक्त नावाचा प्रश्न राहिला नव्हता. भरल्या सभेत, त्या माणसासमोर, माझ्या नावाची धातूची मूठ टेबलावर यायलाच हवी होती. नाहीतर तो मिक्सर, तो टेबललॅम्प, तो पोहणारा कप आणि शेवटी मी, अशी ओळ लागली असती. मी लेकीला नवी मूठ छापायला लावली. ती म्हणाली, प्लास्टर नीट वाळायला आणि तापायला वेळ द्या. भट्टीसाहेब म्हणाले, "बाहेरून गरम लागलं की झालं! आमच्या कारखान्यात कुणी वाट पाहायचं नाही." नसतील पाहत; हजेरी वेळेवर लागायची.

लेक कामावर गेल्यावर मी आणि भट्टीसाहेब गच्चीवर गेलो. मी डोक्याला मोटरसायकलचं हेल्मेट घातलं होतं, अंगावर हिचा जाड कोट. भट्टीसाहेबांनी जिन्याच्या दाराआडून मार्गदर्शन केलं. धातू आत गेला, क्षणभर काही झालं नाही, आणि मग प्लास्टरमधल्या ओलीची वाफ होऊन आतला सगळा धातू आला तसा परत आकाशात गेला. मला काही झालं नाही. भट्टीसाहेब तर एव्हाना तळमजल्यावर पोचले होते. पण दोरीवर एक पांढरी पँट वाळत होती. तिच्यावर धातूचे थेंब पडले आणि तिला भोकं पडली. आकाशातल्या एखाद्या नक्षत्राचा नकाशा असतो तशी.

ऑडिटर पँट हातावर घेऊन आमच्या दारात आले. ओरडले नाहीत. ऑडिटर ओरडत नसतात.

"ही मी तुमच्या सत्काराला घालणार होतो," ते म्हणाले.

"दुसरी नाही का?" मी म्हणालो.

"आहे. पण मी हीच घालणार. आता तर हीच."

लेक घरी आली तेव्हा तिने गच्ची पाहिली, हेल्मेट पाहिलं, आणि मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. लहानपणी मी तिला गणितात कमी गुण मिळाल्यावर बसवायचो, तीच खुर्ची.

"यापुढे तुम्ही फक्त ड्रायर धरायचा. तोही मी सांगेन तेव्हा. आणि त्या भट्टीकाकांना वर बोलवायचं नाही."

"ते अनुभवी आहेत."

"बाबा, ते हजेरीत होते."

हे वाक्य इमारतीत प्रथमच कुणी उघड उच्चारलं होतं.

तिसऱ्या खेपेला तिने सगळं केलं. गॅरेजवाल्याकडून मोडक्या इंजिनाचं झाकण आणलं. तो धातू चांगला वाहतो म्हणे. प्लास्टर सकाळपासून भट्टीत ठेवलं, रंग पालटेपर्यंत हात लावू दिला नाही. मी हेल्मेट घालून, दूर उभं राहून हेअर ड्रायर धरला. हिने माझ्यावर नजर ठेवली आणि दुसरी नजर उरलेल्या पातेल्यांवर. दुपारी लेकीने ओतलं. धातू दुधासारखा सरळ आत गेला, आणि तोंडापर्यंत भरून थांबला. संध्याकाळी प्लास्टर पाण्यात बुडवून तिने ते अलगद फोडलं.

मूठ आली होती. माझीच मूठ. नखं, सुरकुत्या, पेरांवरची बारीक रेघ, सगळं. प्रिंटरच्या थरांच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या, त्यामुळे हाताला जरा लाटा आल्यासारखं वाटत होतं. मुठीत शिक्का होता. खाली चौथरा होता. अंगठ्यावर एक काळपट डाग होता, पण इतक्या वर्षांच्या शाईनंतर तोही माझाच वाटला. चौथऱ्यावर माझं नाव होतं, ठळक, सुरेख, खोल.

आणि उलटं.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. उलटंच. ठरावाप्रमाणे जसं आत घातलं होतं तसंच बाहेर आलं होतं. कार्यालयं कशाला हवीत, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

"बाबा," लेक शेवटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात खवचटपणा नव्हता, हे जास्त वाईट होतं. "मी घासून काढू का नाव? कोरी पाटी राहील. वर एखादी पट्टी चिकटवू."

"नाव घासायचं नाही," मी म्हणालो.

मी मूठ उचलून कपाटाच्या आरशासमोर नेली. आरशात माझं नाव सुलट, स्वच्छ, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता येत होतं. त्याच्यामागे हेल्मेटमुळे केस चपटे झालेला एक म्हातारा उभा होता. मी बराच वेळ पाहत राहिलो.

"सुंदर आहे," ही मागून म्हणाली. "आता आरसा पण न्या सत्काराला."

सत्काराच्या संध्याकाळी मी मूठ वर्तमानपत्रात गुंडाळून दारात चिटणिसांकडे सोपवली. त्यांनी ती टेबलाखाली लपवली, म्हणजे मला ती अनपेक्षित वाटावी. ऑडिटर पहिल्या रांगेत बसले होते. पांढरी पँटच. भोकांवर आतून निळ्या कापडाची ठिगळं लावली होती, त्यामुळे नक्षत्र रंगीत झालं होतं. भाषणात ते माझं सगळं उघडं पाडणार, अशी माझी खात्री होती. पण त्यांनी माझी नोकरी सांगितली, चिकाटी सांगितली, "जे हातात घेतात ते तडीला नेल्याशिवाय राहत नाहीत," असं म्हणाले आणि बोलताना स्वतःच्या गुडघ्यावरच्या भोकांकडे पाहिलं. टाळ्या पडल्या. मी त्यांच्याकडून इतक्या सौजन्याची अपेक्षा केली नव्हती, त्यामुळे अधिकच धास्तावलो.

प्रमुख पाहुणे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी मूठ हातात घेतली, वजनाने थोडे खाली वाकले, आणि चौथऱ्यावरचं नाव मोठ्याने वाचायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. त्यांनी चष्मा वर केला. खाली केला. मूठ लांब धरली, जवळ धरली. मग एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. डोळ्यांच्या डॉक्टरला वाचता येत नाही हे सगळ्यांना दिसत होतं, आणि सर्वांत जास्त त्यांना.

"ही कुठली तरी प्राचीन लिपी असावी," ते अखेर म्हणाले.

"हो हो," चिटणीस लगेच पुढे झाले, "अतिप्राचीन." आणि पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जास्त. मला ठरावानुसार भारावून जायचं होतं. मी भारावलो. लोकांना ते मनापासून वाटलं असावं, कारण माझे डोळे खरोखरच भरले होते.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी मी मूठ पोटाशी धरून एका कोपऱ्यात उभा होतो, नावाची बाजू माझ्याकडे करून. ऑडिटर कप घेऊन हळूच शेजारी आले. आता येणार, मी म्हटलं. मतदान निघणार, फ्लॉवर निघणार, पँट निघणार.

"उत्तम झालंय," ते म्हणाले. "चेष्टा करत नाही. चांगलं वजनदार आहे."

"आभारी आहे."

"पुढच्या महिन्यात माझी सत्तरी आहे."

"अभिनंदन."

"मला काही सुचेना काय आणावं. घरात चांगलं असं काही नाही, आणि भट्टी वगैरे करणं माझ्याच्याने होणार नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुम्हाला तर आज प्रदान झालंच आहे. नाव तसंही कुणाला वाचता येत नाही. मूठ काय, मूठच आहे, कुणाचीही असते. मीसुद्धा नोकरीत शिक्के मारलेत."

मी मूठ जरा घट्ट धरली.

"एका संध्याकाळपुरतीच द्या," ऑडिटर म्हणाले. "आणि द्यायच्या आधी तेवढा अंगठ्यावरचा डाग घासून ठेवा."